‘जरा डल निळा दाखवा’ : घराच्या भिंतीवरच्या निळ्याचा इतिहास

चळवळीतल्या आमच्या एका मित्राने कर्ज काढून फ्लॅट घेतला. त्याच्या घराण्यात स्वतःच्या नावावर भिंत असलेला हा पहिला माणूस. रंगकाम काढलं तेव्हा हॉलला निळा द्यायचा हे नवराबायकोचं आधीच ठरलेलं होतं. पेंटर शेडकार्ड घेऊन आला. बोट निळ्या पट्टीवर गेलं तसा तो म्हणाला, “साहेब, एवढा भडक नका घेऊ. जरा डल निळा दाखवतो. नाहीतर येणाऱ्याला दारातूनच कळतं.” काय कळतं ते तो बोलला नाही, बोलायची गरजही नव्हती. शेवटी राखाडीकडे झुकणारा, ना गडद ना फिका असा मधला निळा ठरला. शेडकार्डावर त्याला धुक्याचं की समुद्राचं कसलंसं इंग्रजी नाव होतं. रंग छान दिसतो. पण बुद्धवंदना आटोपल्यावर मित्राने आम्हाला गॅलरीत नेलं आणि विचारलं, “खरं सांगा, हा निळा आपला आहे, की आपण आपला निळा पुसून घेतला?”

त्या वेळी आम्ही हसण्यावारी नेलं, पण प्रश्न डोक्यातून जाईना. आपल्या तरुणांत यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, रंग हा रंग असतो, त्यात कसली आलीय अस्मिता, शिक्षणाचं बघा. दुसरा म्हणतो, ज्याला घरात ठसठशीत निळा लावायची लाज वाटते त्याने जयभीम म्हणू नये. या दोन्ही मंडळींना निळ्याचा इतिहास माहीत नाही, असं आमचं मत झालं आहे. तो मांडायचा हा प्रयत्न.

सुरुवात धर्मशास्त्रापासून करावी लागेल, कारण निळ्याला वाळीत टाकण्याचं काम तिथेच झालं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात संकटकाळी ब्राह्मणाने वैश्याचा धंदा केला तर काय विकू नये याची यादी आहे. त्यात रानटी जनावरं, पक्षी, दारू आणि लाख यांच्या जोडीला नीळ आहे. आपस्तंबाच्या नावावर चालणाऱ्या स्मृतीत तर निळीचा विषय स्वतंत्रपणे घेतला आहे. निळीत रंगवलेलं वस्त्र ब्राह्मणाने अंगावर घेतलं तर त्याने उपास करून पंचगव्याने शुद्ध व्हावं, असा तिथला दंडक. कारण काय? नीळ तयार होते ती पाला सडवून. हौदात पाला कुजतो, त्याचा वास सुटतो, रंगाऱ्याचे हात कोपरापर्यंत निळे होतात आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत. ज्या कामात हात बरबटतात ते काम हलकं, ते करणारा हलका आणि त्याच्या हातून निघालेली वस्तूही विटाळलेली. चामड्याचं जे झालं तेच निळीचं झालं. दख्खनात निळीची रंगाई करणाऱ्यांची ‘निराळी’ नावाची वेगळी जातच होती, इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत तिची नोंद आहे. धंद्यावरून जात आणि जातीवरून माणसाची किंमत, हा हिशोब रंगालाही चुकला नाही.

शाळेत आपण सगळ्यांनी निळ्या कोल्ह्याची गोष्ट वाचली आहे. पंचतंत्रातली ती गोष्ट मुलांना गंमत म्हणून सांगतात. कुत्री मागे लागलेला कोल्हा रंगाऱ्याच्या निळीच्या हौदात पडतो, निळा होतो, जंगलात राजा बनतो. पुढे दुसऱ्या कोल्ह्यांची कुई ऐकून त्याला राहवत नाही, तो ओरडतो आणि मारला जातो. लहानपणी आम्हीही हसलो होतो. मोठेपणी तीच गोष्ट पुन्हा वाचली तेव्हा हसू आलं नाही. हौदातून बाहेर पडून जो सिंहासनावर बसला त्याला त्याच्या जन्माची आठवण करून देऊन ठार मारायचं, आणि याला नीतिकथा म्हणायचं! कोल्ह्याने राजा म्हणून कुणावर अन्याय केला होता का, हा प्रश्न वर्गात कुणी विचारत नाही. (खरं तर त्यानेही एक चूक केली. गादीवर बसल्यावर आपल्याच जातभाईंना, म्हणजे कोल्ह्यांना, त्याने हाकलून दिलं होतं. आपल्यातल्या काही साहेब मंडळींनी गोष्टीचा हा भाग सावकाश वाचावा.)

आता यावर लगेच कुणीतरी जोधपूर काढेल. तिथल्या जुन्या शहरातली घरं निळी आहेत आणि वाटाडे पर्यटकांना हटकून सांगतात की निळं घर ही ब्राह्मणाच्या घराची खूण होती, नंतर बाकीच्यांनीही तो रंग उचलला. हे खरं धरून चालू. मग स्मृतीतली बंदी कुठे गेली? सांगतील, बंदी अंगावरच्या वस्त्राला होती, भिंतीला नव्हती. बरोबर. नियम ज्याने लिहिला, पळवाटही त्याच्याच हातात. तोच रंग रंगाऱ्याच्या हाताला लागला तर विटाळ आणि पुरोहिताच्या भिंतीला लागला तर मान. म्हणजे रंगाला मुळात अर्थ नसतो, तो लावणाऱ्याची समाजातली जागा पाहून दिला जातो. जोधपूरचे वाटाडे आणखी दोन कारणं सांगतात : निळ्याने घर थंड राहतं आणि वाळवी लागत नाही. यातला थंडावा चुन्याचा असतो. उलट निळ्यापेक्षा नुसता पांढरा चुना ऊन जास्त परतवतो. आणि वाळवीचं श्रेय चुन्यात कालवलेल्या मोरचुदाला द्यावं लागेल. मोरचूद हे तांब्याचं क्षार असल्याने किडीला मारक ठरतं, आणि चुन्यात ते फिकट निळसर दिसतं. वैज्ञानिक दृष्टी बाळगणाऱ्याने एवढं तरी तपासून घ्यावं.

खरा इतिहास मात्र भिंतीवर नाही, हौदात आहे. तो इथून फार लांब, अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिनात सुरू होतो. १७४० च्या दशकात तिथल्या मळेवाल्यांनी निळीची लागवड यशस्वी केली. शाळेच्या पुस्तकांत श्रेय एलायझा लुकास या मळेवाल्याच्या मुलीला मिळतं. पण लागवड केली, पाला कापला आणि कुजक्या हौदांवर राबले ते आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. पश्चिम आफ्रिकेत निळीच्या रंगाईची स्वतःची जुनी परंपरा होती, म्हणजे गुलामांनी मळ्यावर घामाबरोबर आपलं ज्ञानही ओतलं. १७४८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने या निळीला बक्षिसी लावली आणि १७७५ च्या सुमारास दहा लाख पौंडांच्या वर नीळ तिथून जहाजाने जाऊ लागली. मग अमेरिका स्वतंत्र झाली आणि बक्षिसी संपली. १७९१ मध्ये फ्रेंचांच्या सेंट डोमिंगो बेटावर, म्हणजे आजच्या हैतीत, गुलामांनी बंड केलं आणि तिथली नीळही बसली. इंग्लंडच्या कापड गिरण्यांना आणि लष्कराच्या गणवेशांना नीळ तर हवीच होती. ती कुठून आणायची? बंगालमधून.

इतिहासाचा हा दुवा आपल्या पुस्तकांत ठळकपणे येत नाही. एका खंडातल्या गुलामांनी साखळी तोडली तेव्हा तिचं दुसरं टोक इथल्या रयतेच्या गळ्यात पडलं. बंगालमध्ये निळवाल्या साहेबांनी ‘दादन’ म्हणजे आगाऊ उचल देऊन शेतकऱ्याला बांधून घेतलं. एकदा उचल घेतली की ती बापाकडून मुलाकडे जायची आणि फिटायची कधीच नाही. भात पिकवायच्या जमिनीत सक्तीने नीळ, आणि भाव साहेब ठरवणार. कोठीवरच्या हौदात काम करायला छोटा नागपूरकडून आदिवासी मजूर आणले जात. ‘बुनो’ म्हणून हिणवले जाणारे ते हेच. काम काय होतं ते नीट समजून घ्या. कापलेला पाला वरच्या हौदात दहाबारा तास भिजत ठेवायचा. कुजून पिवळट हिरवं झालेलं पाणी खालच्या हौदात सोडायचं. त्या पाण्यात माणसं कमरेपर्यंत उतरायची आणि ओळीने उभी राहून बांबूच्या वल्ह्यांनी ते दोनतीन तास घुसळायची. हवा लागली की पाण्याचा रंग पालटतो आणि तळाला निळा गाळ बसतो. तो उकळायचा, दाबायचा, वड्या पाडायच्या, वर कोठीचा शिक्का मारायचा. माणसाच्या अंगाचा शिक्का त्यावर नसे. १८६० च्या निळ आयोगापुढे फरीदपूरच्या मॅजिस्ट्रेटने साक्ष दिली ती अशी की, इंग्लंडला पोचणारी निळीची एकही पेटी माणसाच्या रक्ताच्या डागाविना नसते. साक्ष देणारा डे लाटूर हा गोरा अधिकारी होता, त्यामुळे त्याला कुणी जातीयवादी म्हणाल्याचं ऐकिवात नाही.

आयोग बसला कारण आदल्या वर्षी, १८५९ मध्ये, नदिया जिल्ह्यातून निळीविरुद्ध उठाव झाला होता. शेतकऱ्यांनी पेरणीलाच नकार दिला. दीनबंधू मित्र यांचं ‘नीलदर्पण’ नाटक १८६० चं. त्याचं इंग्रजी भाषांतर छापल्याबद्दल जेम्स लाँग या पाद्र्याला १८६१ मध्ये एक महिन्याची कैद आणि हजार रुपये दंड झाला. बंगालमधली नीळ मागे हटली ती बिहारमध्ये शिरली. चंपारणमध्ये वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावायची सक्ती म्हणजे तीनकठिया. १९१७ मध्ये गांधी तिथे गेले आणि पुढच्या वर्षी कायद्याने ती पद्धत बंद झाली. शाळेत आपल्याला एवढंच शिकवतात. पण निळीच्या बाजाराचं कंबरडं मोडलं होतं ते वीस वर्षं आधी, जर्मनीत. १८९७ मध्ये बीएएसएफ कंपनीने रासायनिक नीळ बाजारात आणली आणि चंपारणचे साहेब तोट्यात जाऊ लागले. तो तोटा त्यांनी कुळांवर वाढीव सारा आणि दंड लादून भरून काढला. चंपारणचा असंतोष पेटण्यामागे हेही होतं. चंपारण म्हटलं की एकच नाव आणि एकच फोटो, हौदात उतरलेल्या माणसांचं नाव नाही. ते कोण होते, कुठल्या टोल्यात राहत होते, याच्यावर आपल्यातल्या कुणीतरी संशोधन करायला हवं.

भिंतीकडे परत येण्याआधी दक्षिण कॅरोलिनात एक चक्कर मारू. तिथल्या किनाऱ्यावर आणि बेटांवर गुलामांच्या वंशजांचा गुल्ला-गीची नावाचा समाज आहे. त्यांच्यात ओसरीचं छत, दारं आणि खिडक्यांच्या चौकटी एका मंद, फिकट निळ्याने रंगवायची जुनी चाल आहे. त्याला ‘हेंट ब्लू’ म्हणतात. हेंट म्हणजे भूत. भुताला तो रंग पाण्यासारखा किंवा आभाळासारखा वाटतो आणि ते घरात येत नाही, अशी समजूत. निळीच्या हौदाच्या तळाशी उरलेला गाळ, चुना आणि दूध कालवून हा रंग करत, असं सांगतात. आम्ही बुद्धाच्या मार्गावरचे, भुतावर आमचा विश्वास नाही. पण दिवसभर मालकाच्या हौदावर राबलेला माणूस संध्याकाळी त्याच हौदाचा टाकाऊ गाळ आणून आपल्या खोपटाचं दार रंगवतो, तेव्हा त्याला कुठलं भूत बाहेर ठेवायचं असेल ते आपल्याला कळतं. आज अमेरिकेतल्या रंगकंपन्या याच नावाच्या छटा गोऱ्या श्रीमंतांच्या बंगल्यांसाठी विकतात. हौदाचा गाळ ‘अभिजात’ झाला आणि ज्यांच्या दारावर तो आधी लागला त्यांच्या जमिनी पर्यटनाच्या धंद्यात हातच्या गेल्या. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतले काळे आणि इथले अस्पृश्य यांच्या स्थितीतलं साम्य बोलून दाखवलं होतं. १९७२ मध्ये दलित पँथरने नावच तिथलं उचललं. निळीचा धागा त्याहून शेदीडशे वर्षं जुना आहे.

आता आपल्या भिंती. गावात भिंत म्हणजे माती, तिला शेणाने सारवायचं, फार तर पांढऱ्या मातीने पोतारायचं. गावाच्या वसतीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात आणि महारवाडा त्या पांढरीच्या बाहेर. अस्पृश्याचं घर कसं असावं हेही गावच ठरवायचं. गावगाड्यात अस्पृश्याने काय केलं की गुन्हा ठरतो याची यादी बाबासाहेबांनी त्यांच्या लिखाणात दिली आहे. कौलारू घर बांधणं हा त्यातला एक गुन्हा आहे. स्वच्छ कपडे, पायात जोडे, हातात घड्याळ हेही गुन्हेच. ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ च्या ग्रंथात त्यांनी इंदूर भागातल्या बलाई जातीवर १९२८ मध्ये सवर्ण गावकऱ्यांनी लादलेल्या अटी दिल्या आहेत. जरीकाठी पागोटं नको आणि रंगीत किंवा नक्षीच्या काठाचं धोतर नको, या त्यातल्या अटी. काठाचा रंगसुद्धा खुपतो! त्याच ग्रंथात पेशवाईतला अस्पृश्याच्या मनगटातला किंवा गळ्यातला काळा दोरा आहे. म्हणजे रंग त्यांनीच दिला होता, आपल्याला निवडू दिला नव्हता. आणि हे सगळं जुनंपुराणं म्हणून सोडून देऊ नका. २००६ मध्ये खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांचा जीव घेतला गेला. त्या कुटुंबाला पक्कं घर बांधायला गावाने अडवलं होतं, हे त्या हत्याकांडावर लिहिणाऱ्यांनी नोंदवून ठेवलं आहे.

अशा परिस्थितीत वस्तीत निळी भिंत आली कुठून? ती आली स्वस्ताईने. जुन्या काळी खरा तेजस्वी निळा म्हणजे अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला दगड दळून केलेला रंग, सोन्याच्या तोलाने विकला जाणारा. १८२४ मध्ये फ्रान्समधल्या एका उद्योगमंडळाने तो कृत्रिमरीत्या करून दाखवणाऱ्याला सहा हजार फ्रँकचं बक्षीस लावलं आणि १८२८ मध्ये गिमे नावाच्या रसायनतज्ज्ञाने ते जिंकलं. शाडूसारखी पांढरी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत भाजला की हा निळा तयार होतो. राजेरजवाड्यांचा रंग एका फटक्यात धोब्याच्या दुकानात आला. आपण कपड्यांना देतो ती नीळ म्हणजे हीच. नाव जुन्या झाडाचं, माल भट्टीतला.

यात आणखी एक मेख आहे आणि भिंतीच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. चुना हा कडक अल्कली. बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला निघालेला ‘प्रशियन’ निळा चुन्यात टिकत नाही, गंजासारखा तपकिरी पडतो. कपड्याची नीळ मात्र चुन्यात तशीच राहते (तिला मारतं ते आम्ल, म्हणून लिंबूचिंचेचं पाणी उडालं की भिंतीवर पांढुरका डाग पडतो). म्हणजे गरिबाच्या बादलीत मावेल, चुन्यात टिकेल आणि किराण्याच्या दुकानात दोनचार पैशांत मिळेल असा निळा हाच. चुनाकळी रात्री पिंपात भिजत घालायची, ती फसफसून शांत झाली की फडक्यातून गाळायची, धरून राहावी म्हणून थोडा डिंक किंवा मीठ टाकायचं आणि निळीची पुरचुंडी पाण्यात पिळत पिळत रंग बघायचा. ओला असताना तो झगझगीत दिसतो. वाळला की चुन्याचा पांढरेपणा वर येतो आणि रंग दोन पायऱ्या उतरतो. मग चुलीचा धूर, रॉकेलच्या चिमणीची काजळी, पावसाळ्यातली ओल. वर्षभरात त्या भिंतीचा कसा निळा होतो? मंद, किंचित राखाडी, ना गडद ना फिका.

पेंटर शेडकार्डातून ‘डल निळा’ म्हणून दाखवतो तो हाच! आज मशिन पांढऱ्या बेसमध्ये निळ्याबरोबर काळ्याचे थेंब टाकून जी छटा बनवतं ती आपल्या आज्ज्यांनी चुना, पुरचुंडी आणि धूर यांतून बनवली होती. आमच्या पाहण्यातल्या जुन्या चाळींत डिस्टेंपरचा पापुद्रा निघाला की खाली तो सापडतो, एकावर एक, कधी सात, कधी आठ थर. झेंड्याचा निळा वेगळा. तो लांबून दिसावा, गर्दीत ओळखू यावा म्हणून गडद लागतो. जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि निळा झेंडा आपल्या राजकारणाचा झाला. १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्षानेही तो पुढे नेला. त्या निळ्याचा अर्थ कुणी आभाळ सांगतं, कुणी समता. पंचरंगी बौद्ध ध्वजातला निळा मैत्रीचा. अर्थ कुठलाही घ्या, तो निळा आपण निवडलेला आहे आणि याला ऐतिहासिक महत्त्व आहे. ज्यांना काळा दोरा दिला गेला होता त्यांनी स्वतः ठरवलेली ही पहिली सार्वजनिक खूण. पण झेंड्याचा निळा यायच्या आधीपासून चुन्यातला निळा वस्तीत होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला लोक पांढरे कपडे घालून नागपूरला गेले. त्या काळात पांढरं कापड उजळायचं म्हणजे निळीच्या पाण्यातून काढायचं. दीक्षेनंतर भिंतीवरचे देवादिकांचे फोटो उतरले आणि बुद्धाचा व बाबासाहेबांचा फोटो लागला तो कित्येक घरांत याच मंद निळ्या भिंतीवर. फोटोमागची ती भिंत कुणी लिहून ठेवली नाही, कारण रंग लावणाऱ्या बहुतेक बायाच होत्या.

म्हणून ‘डल निळा म्हणजे भ्याडपणा’ हा दुसऱ्या तटाचा मुद्दा आम्हाला इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही असं वाटतं. पण मित्राचा प्रश्न याने सुटत नाही. पेंटरने डल निळा सुचवला तो आज्जीच्या भिंतीच्या आठवणीने नव्हे, ‘कळू नये’ म्हणून. छटा तीच असली तरी हेतू वेगळा. आणि हेतूकडे डोळेझाक करून चालणार नाही.

घर आणि जात लपवणं यांचं नातं काय आहे, हे बाबासाहेबांहून जास्त कुणाला ठाऊक असेल? १९१७ मध्ये ते परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. त्यांना तिथून निघावं लागलं आणि मुंबईची गाडी येईपर्यंत ते एका बागेत बसून राहिले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे, लपवलेलं नाही. कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेल्या माणसाला छपरासाठी नाव बदलावं लागलं, ही शरम कुणाची? त्यांची की त्या शहराची? आज सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या आसपास भाड्याच्या घरांचा अभ्यास केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निष्कर्ष हाच की, उच्चवर्णीय नाव सांगणाऱ्याला घर मिळतं आणि दलित व मुस्लिम नाव सांगितलं की नकार येतो किंवा अटी येतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्या, घरमालक उद्या काढेल या धास्तीत असलेल्या आपल्या मुलाने भिंत पांढरी ठेवली, फोटो आतल्या खोलीत लावला, तर त्याच्यावर गद्दारीचा शिक्का मारणाऱ्यांनी आधी त्याच्या डिपॉझिटची सोय करावी. छप्पर वाचवायला गप्प राहणं वेगळं.

आमच्या मित्राची गोष्ट मात्र तशी नाही. फ्लॅट त्याच्या नावावर आहे, हप्ते तो भरतो, त्याला कुणी काढू शकत नाही. तरीही पेंटरच्या एका वाक्याने त्याचं बोट पट्टीवरून सरकलं. आमचं भांडण त्या सरकण्याशी आहे, छटेशी नाही. आणि खरं सांगायचं तर कळायचं ते तसंही कळतंच. आडनावाने कळतं, गावाच्या नावाने कळतं, १४ एप्रिलला आपण कुठे असतो त्यावरून कळतं. रंगाचे चार थेंब कमी करून आजवर कुणाची जात कुणापासून लपलेली नाही. मग निदान भिंत तरी मनाला येईल ती असावी. कुणाला झेंड्याचा गडद निळा आवडत असेल तर त्याने एक भिंत तशी करावी. मंद निळा आवडत असेल तर तो शेडकार्डातल्या इंग्रजी नावाचा उपकार म्हणून घेऊ नये, हक्काने घ्यावा.

रंगाबद्दलच एक व्यवहाराची गोष्ट. हा मधला निळा शेडकार्डावर बघून घेऊ नका. पिवळ्या एलईडीखाली तो हिरवट होतो आणि अंधाऱ्या खोलीत नुसता राखाडी दिसतो. छोटा डबा आणून हातभर पट्टा मारा, सकाळ-संध्याकाळ बघा आणि मग ठरवा.

हा मजकूर लिहून झाल्यावर मित्राला वाचून दाखवला. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. वरळीच्या बीडीडी चाळीतली त्याच्या आत्याची खोली पुनर्विकासासाठी रिकामी होते आहे, चाळ पाडण्याआधी तिथल्या भिंतीचा एक पापुद्रा खरवडून आणायचा आहे, येता का म्हणाला. आत्या सत्तरी ओलांडलेल्या आहेत. चुन्याच्या बादलीला निळीच्या किती पुरचुंड्या लागत ते त्यांना अजून तोंडपाठ आहे : पहिल्या हाताला एक, दुसऱ्या हाताला दीड. येत्या रविवारी जाणार आहोत. वाचकांपैकी कुणाकडे अशा जुन्या भिंती, असे हिशोब सांगणारी माणसं असतील तर त्यांच्याकडून ते लिहून घ्या, चाळी वेगाने पडत आहेत.

जय भीम.